रोजचे आत्मपरीक्षण: क्रम, वेळ आणि हमखास होणाऱ्या चुका

मोहरीदाणा

प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) आधी, उपवासकाळात, वर्षाच्या शेवटच्या उपासनेत "आत्मपरीक्षण करा" असे सांगितले जाते. ते करायचे कसे, हे फारसे कोणी सांगत नाही. मग डोळे मिटायचे, दिवसातली एखादी टोचणी आठवायची, "प्रभू, क्षमा कर" म्हणायचे आणि कूस बदलून झोपायचे, एवढ्यावर ते आटोपते. ही प्रार्थना खोटी नसते, पण तिच्यात पारख झालेली नसते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ११:२८) "आत्मपरीक्षा करावी" यासाठी जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, ते धातू अस्सल आहे का हे पाहण्यासाठीही वापरले जाई. सोन्याचा कस लावायला कसोटी लागते आणि उजेड लागतो. अंधारात नुसते चाचपून सोने ओळखता येत नाही.

रोजच्या वापरात सर्वांत टिकून राहिलेली रीत येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची. १५४८ साली छापलेल्या त्यांच्या साधनापुस्तिकेत ती पाच पायऱ्यांत दिली आहे. ती कॅथलिकांपुरती आहे असे समजायचे कारण नाही. पायऱ्या शास्त्रातल्याच, म्हणजे बायबलमधल्याच आहेत. एकूण वेळ १० ते १५ मिनिटे. याहून लांबवू नये.

पहिली पायरी उपकारस्मरणाची, २ ते ३ मिनिटे. "सगळ्यासाठी धन्यवाद" असे मोघम म्हणायचे नाही. आज मिळालेल्या दोन-तीन गोष्टी नावानिशी घ्यायच्या: अमक्याने वेळेवर केलेला फोन, उतरलेला ताप, टळलेले भांडण. ही पायरी पहिली का? आपण न्यायाधीशापुढे नव्हे, पित्यापुढे बसलो आहोत हे आधी मनात ठसले नाही, तर पुढे जे सापडेल ते आपण लपवू तरी, नाहीतर त्यात बुडू तरी.

दुसरी पायरी उजेड मागण्याची, मिनिटभर. स्तोत्र १३९:२३-२४ पुरेसे आहे: "हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण." झडती घेणारा देव आहे, मी नाही. यिर्मया १७:९ म्हणते की हृदय सर्वांत कपटी आहे. अशा हृदयाला स्वतःचाच पंच नेमण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी दिवस पाहण्याची, ५ ते ६ मिनिटे. उठल्यापासून आतापर्यंत, तासातासाने किंवा जागाजागांनी: घर, प्रवास, काम, पुन्हा घर. प्रत्येक ठिकाणी मनात काय चालले होते, तोंडातून काय निघाले, हातून काय घडले.

चौथी पायरी क्षमा मागण्याची. जे सापडले ते नावाने सांगायचे आणि १ योहान १:९ चे वचन (पापे कबूल केली तर देव क्षमा करतो) सावकाश म्हणायचे. पाचवी पायरी उद्याची: एकच जागा, एकच व्यक्ती, एकच कृती ठरवायची. शेवटी प्रभूची प्रार्थना.

घाईच्या दिवशी तिसरी पायरी आखडावी. पहिली आणि चौथी कधीच गाळू नये. आता जाणकारांनी भर घालावी, विशेषतः कुठे चुकते त्याबद्दल.

दिवठणी

तिसऱ्या पायरीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळी गफलत तिथेच होते.

पहिली चूक विशेषणांची. "मी स्वार्थी आहे", "मी रागीट आहे" हे परीक्षण नव्हे. हे स्वतःला चिकटवलेले लेबल. लेबलाचा पश्चात्ताप करता येत नाही, घडलेल्या गोष्टीचा करता येतो. "दुपारी बहिणीचा फोन आला. तिला मदत लागणार हे ठाऊक होते, म्हणून मी तो उचलला नाही." हे वाक्य क्षमेसाठी देवापुढे ठेवता येते आणि उद्या त्याचे काही करताही येते. साधा नियम असा: वाक्याची सुरुवात "मी" ने व्हावी आणि शेवट घडलेल्या क्रियेने.

दुसरी चूक "कारण"ची. "मी ओरडलो, कारण तोच आधी बोलला." त्या "कारण"पाशी आपण दुसऱ्याचे परीक्षण सुरू करतो. डोळ्यातल्या मुसळाचे सोडून कुसळाकडे नजर गेली, इतके सोपे आहे ते. समोरच्याची चूक खरीही असेल, पण तिची वेळ ही नव्हे. "कारण" आले की तिथेच पूर्णविराम द्यावा.

तिसरी आणि सर्वांत मोठी चूक: फक्त केलेले पाहणे, न केलेले सोडून देणे. मत्तय २५:३१-४६ मधल्या न्यायाच्या दृश्यात डावीकडच्यांवरचे आरोप एकेक वाचून पाहा. भुकेल्याला खायला दिले नाही, परक्याला घरात घेतले नाही, उघड्याला वस्त्र दिले नाही, आजाऱ्याचा आणि बंदिवानाचा समाचार घेतला नाही. त्यांनी केलेले एकही वाईट कृत्य तिथे नोंदलेले नाही. सगळे न केलेल्याचेच आहे. याकोब ४:१७ तेच सांगते. म्हणून दिवस पाहून झाला की एक प्रश्न वेगळा विचारावा: आज कोण माझी वाट पाहत होते आणि मी गेलो नाही?

मोह आणि पाप यांची गल्लतही खूप होते. विचार मनात येणे म्हणजे पाप नव्हे. त्याला आत बोलावून बसायला पाट दिला, तर गोष्ट वेगळी. याकोब १:१४-१५ मधला क्रम पाहा: वासना ओढते, मग ती गर्भ धरते, मग पाप जन्मते. आलेला विचार परतवला असेल, तर तो चौथ्या पायरीचा विषय नाही. तो पहिल्या पायरीत उपकारस्मरणाला घ्यावा. इग्नेशियसही परतवलेल्या वाईट विचाराकडे जमेची बाजू म्हणूनच पाहतात.

मेंढवाडा

कसोटी कुठली वापरायची हे राहिले. रोज नुसते आठवून पाहिले, तर तेच दोन-तीन दोष पुन्हा पुन्हा सापडतात आणि बाकीचे वर्षानुवर्षे अंधारात राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा, साधारण अर्धा तास, शास्त्रातला एखादा उतारा समोर ठेवून बसावे. दहा आज्ञा (निर्गम २०), डोंगरावरचे प्रवचन (मत्तय ५ ते ७), प्रीतीचे वर्णन (१ करिंथ १३:४-७), देहाची कर्मे आणि आत्म्याची नऊ फळे (गलती ५:१९-२३) हे चार उतारे आलटून पालटून घेतले तरी पुष्कळ झाले.

दहा आज्ञांची एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवतो. क्रमांक सगळीकडे सारखे नाहीत. कॅथलिक आणि लूथरन मूर्तींविषयीची आज्ञा पहिलीतच धरतात आणि लोभाविषयीची शेवटी दोन करतात. अँग्लिकन, रिफॉर्म्ड आणि ऑर्थोडॉक्स मूर्तींविषयीची आज्ञा वेगळी, दुसरी मोजतात. त्यामुळे एकाची "सहावी आज्ञा" व्यभिचाराची, तर दुसऱ्याची खुनाची. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या प्रश्नावल्या एकत्र वापरताना क्रमांकावर जाऊ नका, मजकूर वाचा.

दुसरे म्हणजे आज्ञेचा फक्त "नको" वाचून पुढे जायचे नाही. "चोरी करू नको" वाचून "आपण काही चोर नाही" म्हणत पान उलटले, की कसोटी वाया गेली. उसने घेऊन परत न केलेली वस्तू, मजुरी द्यायला लावलेला उशीर, मालकाच्या वेळात उरकलेले स्वतःचे काम, दुसऱ्याच्या कामाचे स्वतःकडे घेतलेले श्रेय, हे सगळे त्याच आज्ञेखाली येते. धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या लहान प्रश्नोत्तरीतली युक्ती इथे फार उपयोगी आहे. ती म्हणते, आज्ञांच्या उजेडात आपले स्थान पाहा: तू बाप आहेस की आई, मुलगा की मुलगी, मालक की नोकर? त्या जागी राहून तू आज्ञा मोडलीस का, अप्रामाणिक झालास का, आळस केलास का, शब्दाने किंवा कृतीने कोणाला दुखावलेस का? "मी पापी आहे" हे कोणीही म्हणेल. "सून म्हणून मी", "वरिष्ठ म्हणून मी" असे म्हटले, की वाक्य आपोआप नेमके होते.

१ करिंथ १३ घेताना "प्रीती" या शब्दाच्या जागी स्वतःचे नाव घालून मोठ्याने वाचावे. कोणत्या शब्दाशी जीभ अडते ते पाहावे. तिथे थांबावे, पुढचे नंतर.

खमीर

धागा महत्त्वाचा आहे, पण मला एका गोष्टीची काळजी वाटते. इतके आत पाहत बसले तर नजर ख्रिस्तावरून निघून स्वतःवर खिळते. पौल स्वतः १ करिंथ ४:३-४ मध्ये म्हणतो की मी स्वतःचाही न्यायनिवाडा करत नाही, माझा न्यायनिवाडा करणारा प्रभू आहे. विश्वासाने नीतिमान ठरलेल्या माणसाने रोज रात्री स्वतःचा खटला पुन्हा का उघडावा? शिवाय अनेक विश्वासी या परीक्षणातून एकच निष्कर्ष काढतात, "मी अयोग्य आहे", आणि प्रभुभोजनापासून दूर राहतात.

मोहरीदाणा

@खमीर, आक्षेप रास्त आहे आणि त्याचे मूळ दोन वचनांची सरमिसळ होण्यात आहे.

२ करिंथ १३:५ मध्ये "तुम्ही विश्वासात आहात किंवा नाही" याची परीक्षा करायला सांगितले आहे. त्याचा संदर्भ पाहा. ख्रिस्त पौलाच्या द्वारे बोलतो याचा पुरावा करिंथकर मागत होते. पौल तो प्रश्न त्यांच्याकडे वळवतो: स्वतःकडे पाहा, येशू ख्रिस्त तुमच्यामध्ये आहे हे तुम्हाला कळत नाही काय? तो होकाराच्या अपेक्षेने विचारतो आहे. रोज रात्री "माझे तारण झाले आहे का" असे विचारत बसण्याचा हा आदेश नव्हे. रोजचा प्रश्न वेगळा: पित्याचे लेकरू म्हणून मी आज कसा चाललो? लेकरूपण वादात नाही, चाल पाहायची आहे. हे दोन प्रश्न एकत्र केले की प्रत्येक लहान चुकीपाशी तारणाचाच प्रश्न उभा राहतो, आणि कोणतेही मन हे फार दिवस सोसत नाही.

प्रभुभोजनाबद्दल. १ करिंथ ११:२७ मध्ये "अयोग्य प्रकारे" असा शब्द आहे. ग्रीकमध्ये ते क्रियाविशेषण आहे. ते खाणाऱ्याच्या पात्रतेविषयी नसून खाण्याच्या रीतीविषयी आहे. करिंथात ज्यांच्याकडे होते ते आधी खाऊन घेत होते, ज्यांच्याकडे नव्हते ते उपाशी राहत होते. ती रीत अयोग्य. आणि २८ वे वचन "आत्मपरीक्षा करावी आणि दूर राहावे" असे म्हणत नाही. आत्मपरीक्षा करावी आणि मग खावे, असे म्हणते. (गंभीर पापानंतर आधी पापनिवेदन करायचे, हा कॅथलिक नियम वेगळा आहे आणि ज्यांना तो लागू आहे त्यांनी तो पाळावा, पण तिथेही दिशा मेजाकडेच जाण्याची आहे.)

१ करिंथ ४ मध्ये पौल आपल्याला दोष दिसत नसल्याचे म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो की तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. न पाहताच कोणी असे म्हणू शकत नाही. त्याने पाहिले आहे. निकाल मात्र स्वतः दिलेला नाही. मला तर हीच आत्मपरीक्षणाची नेमकी मर्यादा वाटते.

जैतुनफांदी

खमीर यांच्या काळजीला एक बाजू अशी आहे की तिथे नुसता शास्त्रार्थ पुरत नाही. काही मनांना दोषशंकेचा त्रास असतो. यासाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ बारीक, अणकुचीदार खडा. चपलेत अडकलेला खडा केवढासा असतो, पण पाऊल टाकू देत नाही.

त्याची लक्षणे ओळखता येतात. एकच पाप क्षमा मागून झाल्यावरही पुन्हा पुन्हा कबूल करणे. "मी संमती दिली होती की नव्हती" हे तासन्‌तास उकरणे. प्रार्थनेचा एक शब्द चुकला म्हणून ती पहिल्यापासून म्हणणे. कोणी धीर दिला की तासाभराने तोच प्रश्न पुन्हा विचारणे. अशा माणसाला "अजून खोल पाहा" म्हणणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे.

इथे वरचा क्रम बदलावा. परीक्षण एकूण ५ मिनिटांचे आणि तेही घड्याळ लावून. पहिली पायरी ३ मिनिटे, तिसरी जास्तीत जास्त १. शंका असलेली गोष्ट पाप म्हणून मोजायची नाही; जे स्पष्ट आणि निःसंशय आहे तेवढेच. एकदा क्षमा मागितलेले पुन्हा आणायचे नाही. पाळक किंवा धर्मगुरू एकच ठेवायचा आणि त्याने "हे पाप नाही" म्हटले तर तिथे थांबायचे. चार जणांना विचारले की चार उत्तरे आणि आठ नव्या शंका. इग्नेशियस आणि लूथर दोघेही या छळातून गेले होते, त्यामुळे हा दुबळ्या श्रद्धेचा पुरावा समजू नये. धुणे, मोजणे, तपासणे अशा इतर गोष्टींतही हीच पुनरावृत्ती असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पाळकांनीही अशा वेळी नुसती प्रार्थना करून परत पाठवू नये, ही कळकळीची विनंती.

इतरांसाठी ढोबळ खूण सांगते. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो आणि सोबत वाटही असते: हे बोललास, त्याच्याकडे जा. प्रकटीकरण १२:१० मधला "दोष देणारा" मोघम बोलतो: तू असाच, तुझे काही होणार नाही. २ करिंथ ७:१० मधली दोन दुःखेही अशीच ओळखू येतात. एक पश्चात्तापाकडे नेते, दुसरे मरणाकडे. परीक्षणातून उठताना अंग जड आणि मन बंद झाले असेल, तर बहुधा चौथी पायरी नीट झालेली नाही. परत जाऊन तेवढीच करावी.

अकरावा तास

आतापर्यंत सगळी चर्चा सामान्य परीक्षणाची झाली. इग्नेशियस यांच्या पुस्तिकेत त्याच्याही आधी विशेष परीक्षण येते आणि माझ्या मते स्वभाव खरा बदलतो तो त्याने. सामान्य परीक्षण म्हणजे घराला रोजचा केर, विशेष परीक्षण म्हणजे एकाच भिंतीची ओल काढणे.

रीत अशी. एकच दोष निवडायचा. दिवसातून तीन वेळा त्याच्याकडे वळायचे. सकाळी उठताच "आज यापासून जपेन" असा निश्चय. दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनचा हिशेब, आणि रात्रीच्या जेवणानंतर दुपारपासूनचा. वहीत प्रत्येक वारासाठी दोन आडव्या रेघा. पहिल्या रेघेवर दुपारपर्यंतच्या चुकांचे ठिपके, दुसरीवर रात्रीपर्यंतचे. रात्री दोन रेघांची तुलना, दुसऱ्या दिवशी कालच्या दिवसाशी, आठवडा संपल्यावर मागच्या आठवड्याशी. आणि चूक घडेल त्या क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांत कोणाच्या लक्षातही येत नाही. मला ही खूण सगळ्यांत मोलाची वाटते, कारण हिशेब रात्रीपर्यंत थांबत नाही. चुकीच्या क्षणीच मन देवाकडे वळते.

दोष निवडताना तो मोजता येईल इतका लहान करा. "राग" मोजता येत नाही. "मुलांना उत्तर देताना आवाज चढणे" मोजता येते. "अहंकार" नव्हे, तर "दुसऱ्याचे बोलणे पुरे होण्याआधी तोडणे". "वेळ वाया घालवणे" नव्हे, तर "अंथरुणात पडल्यावर फोन हातात घेणे". दर आठवड्याला दोष बदलणे हीसुद्धा चूक; एकाच दोषावर निदान ४ ते ६ आठवडे राहावे. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. त्याने घाबरून सोडू नका. बहुतेक वेळा चुका वाढलेल्या नसतात, लक्ष वाढलेले असते. महिनाभर काहीच हलले नाही तर निवड चुकली असे समजून त्या दोषाच्या आधी काय घडते ते पाहा. आवाज चढण्याआधी भूक असते, अपुरी झोप असते की अपमान झाल्याची भावना? ओल जिथून येते तिथे हात घालावा.

दोषाऐवजी सद्गुणही घेता येतो: दिवसातून किती वेळा स्वतःहून आभार मानले, किती वेळा पूर्ण ऐकून घेतले.

खमीर

मोहरीदाणा यांचे उत्तर पटले, विशेषतः दोन वचनांचा फरक. ठिपक्यांबद्दल मात्र अजूनही साशंक आहे. ठिपके कमी झाले की माणूस येशूच्या दाखल्यातला, मंदिरात स्वतःच्या धार्मिकतेचा तोरा मिरवणारा परूशी होतो, आठवड्यातून दोनदा उपास करणारा. वाढले की निराश होतो. देवाबरोबरचे नाते वहीखात्यात बसवू नये.

अकरावा तास

धोका खरा आहे. लूक १८ मधला परूशी मोजत होता हे खरे, पण तो स्वतःची कमाई मोजत होता आणि शेजाऱ्याशी तुलना करत होता. इथे तुलना फक्त स्वतःच्या काल-परवाशी आहे. तरीही ज्यांना संख्या चढते त्यांनी ठिपके सोडून नुसता छातीला हात ठेवावा. आणि जैतुनफांदी यांनी वर्णन केलेल्या मनाने तर ही वही मुळीच ठेवू नये. औषध तेच, प्रकृती वेगळी.

दिवठणी

वहीचा विषय निघालाच आहे तर: लिहून काढण्याची परंपरा इग्नेशियसपेक्षा फार जुनी आहे. बिशप अथानेशियसने लिहिलेल्या, वाळवंटात राहणाऱ्या संन्यासी अंतोनीच्या चरित्रात (अंतोनी ३५६ साली वारले) असा उपदेश आहे की प्रत्येकाने आपली कृत्ये आणि मनाच्या हालचाली जणू इतरांना सांगायच्या आहेत अशा लिहाव्यात. लिहिण्याचीच लाज पापापासून राखेल.

व्यवहारात एवढे पाळा. तीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका. लांबले की ती रोजनिशी होते आणि आपण वाचकासाठी लिहू लागतो. दुसऱ्यांची नावे लिहू नका, आद्याक्षरेही नकोत. वही इतरांच्या हाती पडली तर घरे मोडतील असे काही तिच्यात नसावे. महिन्याच्या शेवटी वाचून, वारंवार आलेली गोष्ट एका ओळीत टिपून बाकीची पाने फाडून टाका. क्षमा झालेल्याचे दप्तर सांभाळून ठेवायचे नसते.

जैतुनफांदी

आजकाल परीक्षणाचा आणखी एक प्रकार दिसतो, त्याबद्दल चार शब्द. जॉर्ज आशेनब्रेनर या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९७२ साली लिहिलेल्या लेखापासून "विवेकाचे परीक्षण" याऐवजी "जाणिवेचे परीक्षण" असे म्हणण्याकडे कल वाढला. मूळ लॅटिन शब्दात दोन्ही अर्थ आहेतच. यात कृत्यांच्या आधी मनाच्या हालचाली पाहतात: आज कुठे मन देवाकडे ओढले गेले, कुठे कोरडे आणि मिटलेले झाले, आणि त्या क्षणी मी काय निवडले? ज्यांचे परीक्षण नुसती चुकांची यादी झाले आहे त्यांच्यासाठी हे फार उपकारक आहे. उणीव एवढीच की काहीजण "आज मला कसे वाटले" एवढ्यावर थांबतात आणि चौथी पायरी गळून पडते. भावना पाहून झाल्यावर "मग मी काय केले" हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मेंढवाडा

पाचव्या पायरीत भरपाई यायला हवी. नुकसान झाले असेल तर केवळ देवाची क्षमा मागून विषय मिटत नाही. गणना ५:६-७ प्रमाणे मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा द्यायचा होता. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने चौपट देऊ केले. मत्तय ५:२३-२४ मध्ये तर अर्पण वेदीपुढे तसेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे. म्हणून "उद्या" या पायरीत दिवस आणि वेळ ठरवा. "कधीतरी माफी मागेन" हा निश्चय नव्हे.

माफी मागतानाही तोल हवा. समोरच्याला ठाऊक असलेला किंवा त्याचे नुकसान करणारा अपराध त्याच्याकडे जाऊन कबूल करावा. मनातल्या मनात केलेला हेवा किंवा आलेला वाईट विचार त्या व्यक्तीला जाऊन सांगू नये. आपले ओझे हलके होते, तिचे वाढते. तो देवापुढे किंवा पाळकापुढे ठेवावा. माफीच्या वाक्यात "पण" आणि "जर तुला वाईट वाटले असेल तर" नको. काय केले, ते चूक होते, क्षमा कर. इतकेच.

खोट्या हिशेबाने किंवा निंदेने कोणाचे नाव गेले असेल तर ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्यापुढेच ते दुरुस्त करावे लागते. हे सगळ्यांत अवघड आहे आणि म्हणून सगळ्यांत जास्त टाळले जाते.

खमीर

एकट्याने केलेल्या परीक्षणाला स्वतःचे आंधळे कोपरे दिसत नाहीत, म्हणून याकोब ५:१६ ची (एकमेकांजवळ पापे कबूल करा) आठवण करून देतो. मेथोडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी डिसेंबर १७३८ मध्ये लहान गटांसाठी जे नियम केले, त्यात आठवड्याच्या प्रत्येक बैठकीत प्रत्येकाला विचारायचे प्रश्न आहेत. गेल्या भेटीपासून जाणूनबुजून कोणते पाप केले? कोणते मोह आले? त्यांतून सुटका कशी झाली? आणि पाप आहे की नाही अशी शंका वाटते असे काही विचारात, बोलण्यात किंवा कृतीत होते का? तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण तो देवाच्या कृपेची साक्ष मागतो.

आज असे करायचे तर गट ३ ते ५ जणांचा, स्त्रिया आणि पुरुष वेगळे, ठरलेला वार, तासाभराची मर्यादा. ऐकणाऱ्याने उपदेश करायचा नाही. ऐकायचे, क्षमेचे वचन वाचायचे, त्याच्यासाठी प्रार्थना करायची. गटातले बाहेर न्यायचे नाही, "प्रार्थनेसाठी विनंती" म्हणूनही नाही. सर्वांत जास्त गट मोडतात ते याच एका वाटेने. मात्र लहान मुलाला किंवा दुर्बळ माणसाला इजा होत असल्याचे कळले तर ते गुप्त ठेवायचे नाही, हे पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगून ठेवावे.

अकरावा तास

वेळेबद्दल राहिले होते. अंथरुणात पडून करू नका. तिसऱ्या पायरीतच डोळा लागतो. रात्रीच्या जेवणानंतर, दिवे मालवायच्या बरेच आधी, खुर्चीत ताठ बसून करावे. रात्रपाळी असणाऱ्यांनी "रात्री" या शब्दात अडकू नये. स्वतःच्या झोपेआधीचा तास धरावा. लहान मुले असलेल्या घरी दुपारची ३ मिनिटे आणि रात्रीची ७ अशी वाटणी चालते.

दिवठणी

एक शंका बऱ्याच जणांना असते, म्हणून इथेच मांडते. मध्ये आठ-दहा दिवस खंड पडला तर मागचे सगळे दिवस भरून काढायचे का?

मोहरीदाणा

नाही. मागचे दिवस उकरायला बसले की अर्धा तास जातो, थकवा येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खंड पडतो. खंड पडलेल्या दिवसांसाठी एकच वाक्य: "या दिवसांत जे मला आठवत नाही ते तुला ठाऊक आहे, गुप्त दोषांपासून मला मुक्त कर." स्तोत्र १९:१२ मध्ये हीच मागणी आहे. त्या काळातले एखादे स्पष्ट, मोठे पाप आठवत असेल तर तेवढे नावाने घ्यावे. मग आजचा दिवस घ्यावा, पहिल्या पायरीपासून.

मोठ्या फेरीसाठी वेगळी वेळ ठेवावी. अमेरिकेतले धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी १७२२-२३ मध्ये स्वतःसाठी ७० निश्चय लिहिले होते आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे असे ठरवले होते. दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष सरताना "याहून चांगले काय करता आले असते" हे विचारायचे, असा त्यातलाच एक निश्चय आहे. आपल्याला ७० ची गरज नाही. महिन्याच्या शेवटी तासभर काढून, मेंढवाडा यांनी सांगितलेल्या चार उताऱ्यांपैकी एक घ्यावा आणि पुढच्या महिन्याच्या विशेष परीक्षणासाठी एक दोष निवडावा.

@मेंढवाडा, "सून म्हणून मी, वरिष्ठ म्हणून मी" या धर्तीवर वेगवेगळ्या स्थानांसाठी पाच-सहा प्रश्नांची एक यादी करून इथे टाकाल का? आईबाप, विद्यार्थी आणि घरी आजाऱ्याची सेवा करणारे, निदान या तिघांसाठी. सेवा करणाऱ्यांच्या यादीत दोषांबरोबर विश्रांतीचाही प्रश्न असू द्या. तिथे न केलेल्या गोष्टींत स्वतःची झोपही मोडते.

मेंढवाडा

करतो. आईबापांची यादी आधी देतो, बाकीच्या दोन नंतर.

मुलाने चूक कबूल केल्यावर मी शिक्षा वाढवली की कमी केली? माझ्या थकव्याचा राग त्याच्यावर काढला का? एका मुलाची तुलना दुसऱ्याशी, त्याच्या देखत, केली का? त्याला दिलेला शब्द मोडला तेव्हा त्याची माफी मागितली का? त्याच्यासाठी प्रार्थना केली की नुसती त्याच्याबद्दल काळजी केली? त्याच्यासमोर दुसऱ्यांविषयी, विशेषतः जोडीदाराविषयी, कसे बोललो?

सहा झाले. यातला तिसरा आणि सहावा आठवड्याच्या फेरीला ठेवा, बाकीचे रोजच्या तिसऱ्या पायरीत बसतात.